चर्चा: स्वतःच्या ब्लॉगवर शेअरिंगची सोय करावी की करूच नये?

गोधडीवाली

मागच्या दिवाळीत आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी भलामोठा मेसेज टाकला, वर "कोणी लिहिलंय माहीत नाही पण डोळ्यात पाणी आलं, नक्की वाचा" असं. वाचायला घेतलं तर दुसऱ्या ओळीतच कळलं की हे माझंच आहे. आईच्या हातच्या गोधडीवर मी चार वर्षांपूर्वी ब्लॉगवर लिहिलेलं. "सुईच्या नेढ्यात" लिहायच्या जागी माझ्याकडून "नेड्यात" झालं होतं, ती चूकसुद्धा जशीच्या तशी आलेली. नाव तेवढं गायब, आणि शेवटचा परिच्छेदही कापलेला, ज्यात आई गेल्यावर तिची अर्धी राहिलेली गोधडी मी पुरी केली ते आहे.

काकांना फोन केला तर म्हणाले अगं मला दुसऱ्या ग्रुपवरून आलं. त्यांना काय बोलणार.

पण मग विचार केला की त्या दिवसात कोणी माझी लिंक पाठवलीच तर ती दिसायची कशी? टक्क्याच्या खुणांनी भरलेला चार ओळींचा पत्ता आणि चित्र म्हणून बाजूच्या विजेटचं, म्हणजे ब्लॉगच्या कडेच्या छोट्या चौकटीचं, आयकॉन. असलं काही पुढे पाठवण्यापेक्षा मजकूर कॉपी करणं सोपं, लोक तेच करतात. म्हणून दोन संध्याकाळी बसून ओपन ग्राफचे टॅग लावले, लिंक पाठवली की तिच्यासोबत काय दिसावं ते सांगणारे. फेसबुकने २०१० साली आणलेली पद्धत आहे ही, पानाच्या हेडमध्ये, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या भागात, शीर्षक, प्रकार, चित्र आणि पत्ता अशा चार ओळी, वर्णनाची पाचवी घातली तर उत्तम. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, लिंक्डइन सगळे त्याच वाचतात, एक्सची (आधीचं ट्विटर) स्वतःची कार्डं आहेत पण ती नसली तर तेही यावर भागवून घेतं. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं ठेवलं. आधी फोनमधला पाच एमबीचा फोटो तसाच लावला होता तर व्हॉट्सॲपवर चित्रच येईना, दोनशे केबीवर आणला तेव्हा आलं. फेसबुक जुनंच चित्र दाखवत बसलं होतं, त्यांच्या शेअरिंग डीबगर पानावर पत्ता टाकून परत वाचायला लावलं तेव्हा सुटलं. लेखाखाली व्हॉट्सॲपचं बटणही ठेवलंय.

माझं ठाम मत आहे की मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावंच. आपला वाचक व्हॉट्सॲपवर आहे. तिथे आपलं लिखाण आपल्या नावाने पोचावं असं वाटत असेल तर त्याला नीट कपडे घालून पाठवायला नको का?

नदीकाठ

ताई, शेवटचा परिच्छेद कापला हे वाचून फार वाईट वाटलं. पण तुमच्या मताशी असहमत, आणि मी २००८ पासून लिहितेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तेव्हा आम्ही मराठी ब्लॉग एकत्र दाखवणाऱ्या मराठीब्लॉग्स डॉट नेटचं विजेट लावायचो, तिथून माणसं यायची, प्रतिक्रिया द्यायची, बस. मग बटणांचं युग आलं. मी सगळी लावली होती, किती वेळा शेअर झालं त्या आकड्यांसकट. एक कविता होती, पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं त्या रात्रीची, माझ्या लेखी मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं. तिच्याखाली सहा महिने शून्य. आणि मिसळीवर घाईघाईत खरडलेल्याखाली दोनशेच्या वर. पुढच्या वर्षभरात मी काय काय लिहिलं ते आता काढून बघितलं तर मिसळ, वडापाव, "या दहा गोष्टी". कोणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला, त्या आकड्यानेच लिहून घेतलं.

दुसरं म्हणजे या सोयी आपल्या हातातच नसतात हो. ट्विटरने २०१५ मध्ये बटणावरचे आकडे बंद केले. गूगल प्लस २०१९ मध्ये अख्खं बंद झालं, बटणं तशीच लोंबकळत राहिली. लेख आपोआप फेसबुक प्रोफाइलवर जायची सोय होती, ती फेसबुकनेच २०१८ च्या ऑगस्टमध्ये काढून घेतली. २०२३ मध्ये ट्विटरने एपीआयला, म्हणजे बाहेरचे प्रोग्राम ट्विटरला जोडायच्या सोयीला, पैसे लावले, तिथलं आपोआप पोस्ट होणंही अनेकांचं थांबलं. दरवेळी आपण प्लगइन बदलत बसायचं. ब्लॉग हे माझं अंगण आहे, ज्याला यायचंय त्याला वाट माहीत आहे. ज्याला कोणाला दाखवायचंय त्याने पत्ता कॉपी करावा, फोनमध्ये ती सोय आहेच.

राइनकाठचा

नदीकाठ यांना पूर्ण पाठिंबा, आणि एक भर. मी जर्मनीत असतो. फेसबुकचं तयार लाइक बटण पानावर असलं की वाचकाने ते दाबो न दाबो, पान उघडल्या क्षणी त्याची माहिती फेसबुककडे जायची, खातं नसलं तरी. युरोपच्या न्यायालयाने २०१९ च्या जुलैमध्ये निकाल दिला की असं बटण लावणारा साइटवालाही या माहितीगोळाईला फेसबुकच्या जोडीने जबाबदार धरला जाईल, निदान ती गोळा करून पाठवण्यापुरता. प्रकरण एका कपड्याच्या ऑनलाइन दुकानाचं होतं. हे टाळायलाच इथल्या हाइजे या संगणकविषयक प्रकाशनाने निकालाच्या कितीतरी आधी दोन क्लिकवालं बटण आणलं होतं, पहिल्या क्लिकला बटण जागं होतं, दुसऱ्याला शेअर.

आईवर लिहिलेला लेख वाचायला आलेल्या माणसाला आपण दारातच तिसऱ्याच्या वहीत नोंद करायला लावतो, हे मला पटत नाही.

सर्व्हरवाला

इथे तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. टॅग, बटण आणि आपोआप पोस्ट. नदीकाठ आणि राइनकाठचा यांचे सगळे आक्षेप दुसऱ्या आणि तिसऱ्यावर आहेत, टॅगवर एकही नाही. टॅग म्हणजे तुमच्याच पानातल्या साध्या ओळी, त्या कुठे काही पाठवत नाहीत. व्हॉट्सॲपचा प्रिव्ह्यू तर पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो.

बटणालाही स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा बाहेरचा कोड, लागत नाही. व्हॉट्सॲपच्याच डब्ल्यूए डॉट मीचा साधा दुवा द्या, त्यात मजकूर आणि पत्ता भरा, झालं. नाहीतर ब्राउझरचीच शेअर खिडकी उघडणारं एक बटण, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये २०१७ पासून आहे, फक्त साइट एचटीटीपीएसवर हवी. वाचक कुठे पाठवतो ते त्याचं त्याला माहीत, आकडा नाही, पाळत नाही.

गोधडीवाली ताई, तुमचा पत्ता मात्र अजून तसाच आहे. देवनागरीतलं एकेक अक्षर, म्हणजे काना-वेलांटीसुद्धा वेगळी धरून, पत्त्यात कॉपी केलं की नऊ खुणांचं होतं. "गोधडी" एवढ्या एका शब्दाच्या पंचेचाळीस. आणि तुमचा ब्लॉग चालवणारं वर्डप्रेस पत्त्यातल्या शीर्षकाच्या तुकड्याला दोनशे खुणांच्या पुढे जागाच देत नाही. तुमचं शीर्षक "आईच्या हातची गोधडी आणि धावदोरा" आहे, पत्त्यात ते "आणि-धा" वर तुटलंय, बघा. रोमन लिपीत छोटा पत्ता करा आणि जुन्यावरून ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर जाईल, नाहीतर आधी फिरलेल्या लिंका मरतील.

अजून एक, शीर्षक आपोआप चित्रावर छापणारी प्लगइन्स मराठीसाठी वापरताना तपासून घ्या. बऱ्याच ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. त्यापेक्षा मुक्तासारखा मोफत वापरता येणारा फॉन्ट घेऊन चित्र हाताने करा. मराठी शीर्षक मोडकं दिसलेलं मला सहन होत नाही.

नदीकाठ

टॅगबद्दलचं मान्य, तो फरक मी केला नव्हता. बटणाबद्दल नाही. स्क्रिप्ट असो वा नसो, लेखाच्या शेवटी "पाठवा" असं लिहिलं की वाचकाला आपण लगेच कामाला लावतो. आई गेल्याचा परिच्छेद संपल्यावर हिरवं बटण? तिथे माणसाला दोन क्षण गप्प बसू द्यावं.

गोधडीवाली

हे मनाला लागलं. बटण तिथून काढून लेखकाच्या माहितीच्या खाली नेते. पण ठेवणार. माझ्या मावशीला पत्ता कॉपी करता येत नाही, बटण दाबता येतं, आणि माझ्यासाठी मावशी महत्त्वाची.

साताऱ्याची सून

मला वाटतं तुम्ही सगळे लिंक उघडणाऱ्या माणसांबद्दल बोलताय. आमच्या सासूबाई, त्यांच्या भिशीच्या बायका, भजनी मंडळ, कोणीही लिंक उघडत नाही. बँकेचे मेसेज येतात, पोलीस सांगतात, टीव्हीवर सांगतात की अनोळखी लिंक उघडू नका, आणि त्यांनी ते ऐकलंय, बरोबरच केलंय. चांगला प्रिव्ह्यू दिसला म्हणजे विश्वास ठेवावा असंही नाही ना, टॅगमध्ये काय लिहायचं ते ज्याचं तो ठरवतो, फसवणारासुद्धा सुंदर चित्र लावू शकतो.

या बायका वाचतात मात्र भरपूर, पण मेसेजमध्येच. म्हणून मी म्हणते कॉपी होणारच आहे हे धरून लिहा. नाव शेवटी टाकू नका, शेवट सगळ्यात आधी कापला जातो. लेखाच्या पोटात घाला. "आई मला हाक मारायची" असं म्हणून स्वतःचं नाव वाक्यात आलं तर कोण कापणार?

सर्व्हरवाला

फसवणुकीचा मुद्दा खरा आहे, टॅग हा खरेपणाचा दाखला नव्हे. पण लेखाच्या पोटात नाव खुपसायची कल्पना मला नाही आवडली, फॉरवर्ड करणाऱ्याच्या सोयीसाठी लेखकाने वाक्यं का वाकवायची? ती आकड्यासाठी लिहिण्याचीच दुसरी तऱ्हा झाली.

साताऱ्याची सून

वाकवायची नाहीत, जिथे बसतं तिथे.

बरं, आत्ता करून बघितलं. ताईंची लिंक सासूबाईंना पाठवली, चित्र वगैरे छान आलं, लाल-निळ्या चिंध्यांची गोधडी. दहा मिनिटं झाली तरी उघडली नाही. स्वयंपाकघरातून हाक मारून विचारलं, "हे कुणाचंय?" मी म्हटलं माझ्या ओळखीच्या ताई आहेत, त्यांच्या आईचं आहे. मग चष्मा आणायला गेल्या.

गोधडीवाली

वाचलं का त्यांनी? शेवटपर्यंत?

साताऱ्याची सून

शेवटपर्यंत. काही बोलल्या नाहीत बराच वेळ. मग म्हणाल्या, "आपण कडेनं सुरू करून मधे येतो, हिच्या आईनं मधनं सुरू केलेलं दिसतंय, विचार बरं तिला." तर विचारतेय.