चार टाक्या, दोन सेन्सर: विखुरलेला ऑब्झर्व्हर जुळत नाही

मांजराकाठ (लातूर): शेतावर चार टाक्या उतारावर एकापाठोपाठ आहेत. लेव्हल सेन्सर फक्त टाकी 2 आणि 4 वर, दोन्हीकडे स्वतंत्र कंट्रोलर (नोड 2 आणि नोड 4). प्रत्येक नोडवर ऑब्झर्व्हर, म्हणजे मॉडेल आणि माप वापरून चारही टाक्यांच्या पातळीचा अंदाज बांधणारा प्रोग्राम. आवक माहीत आहे, जावक √h प्रमाणे (h म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची). नोड 4 चे अंदाज बसतात, पण नोड 2 चे टाकी 3-4 चे अंदाज फार हळू सरकतात, वर कायमचा फरक उरतो. गेन (माप आणि अंदाज यांतल्या फरकावर किती दुरुस्ती करायची तो गुणक) वाढवला की सगळं थरथरतं.

गोदाकाठ: पाणी खालीच जातं राव! टाकी 2 च्या मापातून 3-4 दिसणारच नाहीत. त्या निव्वळ मॉडेलवर चालतात, म्हणून संथ. व्हॉल्व्हचा गुणांक थोडा चुकला की फरक कायम. नोड 4 कडून 2 कडे निरोप जातो का, ते आधी बघा. उलट दिशेचा एकटा दुवा इथं कामाचा नाही. मग नोड 2 वर ल्युएनबर्गर गेन (स्वतःच्या मापावरून अंदाज सुधारणारा) फक्त टाकी 1-2 ला, आणि 3-4 ला γ(शेजारच्या नोडचा अंदाज − स्वतःचा) एवढी दुरुस्ती; γ म्हणजे शेजाऱ्याकडे किती ओढायचं तो गुणक.

मांजराकाठ: दुवा एकतर्फीच होता, 2 कडून 4 कडे. γ किती ठेवू? सॅम्पलिंगचा काळ T 0.5 सेकंद.

गोदाकाठ: दोन्ही बाजूंनी जोडलंत तर γ·T·2 हे 2 पेक्षा कमी हवं, म्हणजे γ 2 पेक्षा कमी. निरोपाला उशीर होतो, तेव्हा γ 0.5 पासून सुरू करा.

बालाघाटी: √h चा उतार शून्याजवळ अनंत होतो. 50 सेमीपेक्षा 2 सेमीला तो पाचपट. मॉडेलमध्ये h 2 सेमीखाली जाऊ देऊ नका. सेन्सर अल्ट्रासॉनिक असेल तर तापमान दुरुस्ती घाला: 20 अंशांवर बेतलेलं माप 42 अंशांना सुमारे 4 टक्के चुकतं, आणि तो दोष ऑब्झर्व्हरच्या माथी बसतो.