उच्च श्रेणीची रोड सायकल : तयार घ्यावी की भाग निवडून बांधून घ्यावी?

प्रश्न

नमस्कार. बरीच वर्षे मी अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची आणि शिमानो कंपनीचा १०५ ग्रुपसेट (गिअर, ब्रेक आणि क्रँक यांचा संच) असलेली रोड सायकल चालवतो आहे. आता पुढे दीर्घकाळ बदलावी लागणार नाही अशी, कार्बन फ्रेमची वरच्या श्रेणीतली सायकल घेण्याचा विचार आहे. एक मार्ग म्हणजे अल्टेग्रा डीआय२ (शिमानोचाच वरच्या श्रेणीतला, विजेवर गिअर बदलणारा ग्रुपसेट) आणि कार्बनची चाके असलेली तयार सायकल घेणे. दुसरा म्हणजे केवळ फ्रेम आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) घेऊन बाकीचे सर्व भाग स्वतः निवडून ती बांधणे. मी शर्यतीत उतरत नाही. लांब पल्ल्याच्या, भरपूर चढणींच्या फेऱ्या करतो.

अलीकडेच तज्ज्ञाकडून फिटिंग (शरीराला जुळणारी सायकलीची मापे ठरवणे) करून घेतले. त्यात सध्याच्या १७२.५ मिलिमीटरऐवजी १६५ मिलिमीटरचा क्रँक (पेडल जोडलेली भुजा) आणि ४० सेंटिमीटर रुंदीचा हँडलबार सुचवला आहे. माझ्या मापाच्या बहुतेक तयार सायकलींवर यांपैकी काहीच मिळत नाही. सायकल बांधून घेतल्यास खर्च वाढेल हे मी गृहीत धरले आहे. त्या वाढीव खर्चात नेमके काय पदरात पडते आणि तयार सायकलीचे कोणते फायदे सोडावे लागतात, हे जाणकारांनी सांगावे. वजनाचा मुद्दा किती गांभीर्याने घ्यावा, यावरही मत हवे आहे.

उत्तर १

माझे मत तयार सायकलीच्या बाजूने आहे. सायकल कंपन्या ग्रुपसेट, चाके आणि टायर घाऊक प्रमाणात विकत घेतात, त्यामुळे तेच भाग आपण एकेक करून घ्यायला गेलो की बेरीज तयार सायकलीच्या किमतीच्या बरीच पुढे जाते. शिवाय फ्रेमपासून चाकांपर्यंत सर्व गोष्टींसाठी एकाच विक्रेत्याकडे दाद मागता येते. बांधलेल्या सायकलीतून कुठे करकर आवाज येऊ लागला, तर फ्रेमवाला बॉटम ब्रॅकेटकडे (क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगकडे) बोट दाखवतो आणि बॉटम ब्रॅकेटवाला फ्रेमकडे. मधल्या मध्ये ग्राहकाचे हाल होतात.

क्रँक आणि हँडलबार यांसाठी संपूर्ण सायकल बांधण्याची गरज मला दिसत नाही. अल्टेग्राचा क्रँक १६५ मिलिमीटरमध्ये मिळतो, आणि अनेक विक्रेते सायकल नवी असतानाच थोड्या फरकाने भाग बदलून देतात. पैसे भरण्यापूर्वी ही अट लेखी ठरवून घ्यावी.

उत्तर २

वरील उत्तरातला हिशेब बरोबर आहे, परंतु तो खरेदीच्या दिवसापुरता आहे. आपल्याला सायकल दीर्घकाळ ठेवायची आहे, म्हणून मी आधी हे पाहीन की पुढे झिजलेला भाग बदलताना ही फ्रेम आपल्याला किती मोकळीक देते. तयार असो वा बांधलेली, माझ्या दृष्टीने खरा निर्णय फ्रेमचा आहे.

बॉटम ब्रॅकेटचेच पाहा. काही फ्रेममध्ये तो आट्यांवर बसतो, जसे जुने बीएसए किंवा अलीकडचे टी४७. काहींमध्ये बीबी८६सारखा दाबून बसवावा लागतो. शिमानोच्या क्रँकचा दांडा २४ मिलिमीटर जाडीचा, तर स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या डब क्रँकचा २८.९९ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे फ्रेमची कवचनळी (बॉटम ब्रॅकेट जिच्यात बसतो ती नळी) आणि क्रँकचा दांडा या दोन्हींना जुळणारा बॉटम ब्रॅकेट शोधावा लागतो. आट्यांचा प्रकार साध्या पान्ह्याने निघतो आणि पुन्हा नीट बसतो. दाबून बसवलेल्या प्रकारात फ्रेमचे भोक किंचित जरी वेडेवाकडे असले, तरी आवाजाचा त्रास मागे लागतो.

चाकांच्या हबचीही (चाकाच्या मधल्या तुंब्याचीही) तीच गोष्ट आहे. शिमानोची १२ गिअरची रोड कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) ११ गिअरच्या नेहमीच्या एचजी हबवर बसते, पण १० दात्यांपासून सुरू होणारी स्रॅमची कॅसेट घ्यायची तर एक्सडीआर हब लागतो. चाके स्वतः घेणार असाल तर रिमला आतून टायर धरणारी कड आहे की नाही, हेही पाहावे. कड नसलेल्या रिममध्ये हवेचा दाब ५ बार, म्हणजे सुमारे ७२.५ पीएसआय, या मर्यादेपलीकडे नेता येत नाही आणि कंपनीने मान्य केलेलेच टायर वापरावे लागतात. माझी पसंती कड असलेल्या रिमला आहे, कारण लांबच्या फेरीत टायर फाटला तर मिळेल तो टायर बसवता आला पाहिजे.

सर्वांत जपून पाहण्याची जागा म्हणजे हँडलबार आणि स्टेम (हँडलबार फोर्कच्या नळीला जोडणारा भाग). आजच्या पुष्कळ उंची सायकलींमध्ये हे दोन्ही एकसंध कार्बनचे असतात आणि ब्रेकच्या नळ्या त्यांच्या आतून, हेडसेटच्या (फोर्क ज्यांवर वळतो त्या बेअरिंगच्या जोडीच्या) वरच्या बेअरिंगमधून फ्रेममध्ये उतरतात. दिसायला हे अतिशय देखणे असते. मात्र स्टेम १० मिलिमीटरने लहान करायचा झाला तरी संपूर्ण नवा हँडलबार घ्यावा लागतो, बहुधा नळ्या सोडवाव्या लागतात आणि ब्रेक पुन्हा ब्लीड करावे (नळ्यांतली हवा काढून तेल भरावे) लागतात. साधे वरचे बेअरिंग बदलण्यासाठीही अनेकदा हाच खटाटोप करावा लागतो. सध्याच्या डीआय२मध्ये हँडलबारपासून गिअरपर्यंत तार जात नाही, फक्त मागच्या-पुढच्या डिरेलरपासून (साखळी सरकवणाऱ्या यंत्रणेपासून) बॅटरीपर्यंत जाते, एवढाच काय तो दिलासा.

म्हणून माझा सल्ला असा : आट्यांचा बॉटम ब्रॅकेट, २७.२ मिलिमीटरचा गोल सीटपोस्ट (सीटचा दांडा) आणि वर २८.६ मिलिमीटरची साधी गोल स्टिअरर नळी (फोर्कची वरची नळी, जिच्यावर स्टेम बसतो) असलेली फ्रेम निवडावी, म्हणजे कोणत्याही कंपनीचा स्टेम व सीटपोस्ट बसतो. अशा फ्रेमची तयार सायकल आपल्या मापात मिळाली तर ती खुशाल घ्यावी. मिळाली नाही तर बांधावी. मात्र कंपनीचाच एकसंध हँडलबार आणि खास आकाराचा सीटपोस्ट लागणारी फ्रेम घेऊन सायकल बांधू नये. तिथे निवडायला ग्रुपसेट आणि चाके यांपलीकडे फारसे काही उरत नाही, आणि खर्च मात्र बांधणीचा होतो.

उत्तर ३

फिटिंगचा एक परिणाम इथे सुटला आहे. क्रँक ७.५ मिलिमीटरने लहान झाला की पेडल सर्वांत खाली असताना पाय पूर्वीइतकाच ताणला जावा म्हणून सीट तेवढीच वर घ्यावी लागते. हँडलबार जागच्या जागी राहिला, तर सीट आणि हँडलबार यांच्या उंचीतला फरक ७.५ मिलिमीटरने वाढतो आणि तासन्‌तास चालवताना तो मान व पाठीला जाणवतो. त्यामुळे फ्रेम निवडताना केवळ ५४ किंवा ५६ असा आकडा न पाहता स्टॅक आणि रीच (बॉटम ब्रॅकेटपासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उंची आणि आडवे अंतर) ही दोन मापे आपल्या फिटिंगच्या कागदाशी ताडून पाहा. स्टॅक अपुरा असेल, तर कितीही उंची भाग लावले तरी ती सायकल आपली होणार नाही.

वजनाबद्दल : स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो धरले, तर अर्धा किलो म्हणजे ०.६ टक्क्यांहून कमी. एक तासाच्या खड्या चढणीवर त्यातून फार तर वीसेक सेकंद वाचतील. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेची ६.८ किलोची किमान मर्यादा शर्यतीतल्या सायकलींसाठी आहे. आपण त्या आकड्याच्या मागे लागू नये. चढणींसाठी ५०/३४ दात्यांचे चेनरिंग (क्रँकवरच्या चकत्या) आणि ११-३४ कॅसेट यांचा उपयोग हलक्या सीटपोस्टपेक्षा कितीतरी अधिक होईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. स्टॅकचा विचार मी केलाच नव्हता. मापे ताडून पाहिली असता माझ्या यादीतल्या दोन तयार सायकली बाद होतात, आणि आट्यांचा बॉटम ब्रॅकेट असलेली एक फ्रेम नीट बसते. ती केवळ फ्रेमसेट म्हणून मिळते. म्हणजे बांधणीकडे कल झुकतो आहे. जोडणी स्वतः करावी की कारागिराकडे द्यावी?

उत्तर २ देणारे

वाटून घ्या. सीटपोस्ट, हँडलबार, पेडल, कॅसेट हे भाग टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना) असेल तर घरी बसतात. कार्बनच्या भागांवर छापलेला आकडा ओलांडायचा नाही आणि कार्बनवर कार्बन बसतो तिथे ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट लावायची. ब्रेकच्या नळ्या कापणे आणि ब्लीड करणे मात्र पहिल्या वेळी कारागिराकडूनच करून घ्या. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेलच घालायचे असते. त्यात चुकून डॉट द्रव (दुसऱ्या प्रकारचे ब्रेक ऑइल) गेला तर आतली सीले खराब होतात.

स्टिअरर नळी कापण्याची घाई होऊ देऊ नका. फ्रेम कंपनीने स्टेमच्या वर आणि खाली स्पेसरची (उंची ठरवणाऱ्या कड्यांची) जी मर्यादा दिली असेल तिच्या आत राहून नळी थोडी लांब ठेवा, काही आठवडे लांबच्या फेऱ्या करून हँडलबारची उंची ठरवा आणि मगच कापा. कापल्यावर आतला एक्स्पांडर (नळीत फुलून घट्ट बसणारा भाग) स्टेमच्या पकडीच्या बरोबर मागे येतो आहे, हे कारागिराकडून खात्रीने तपासून घ्या, कारण स्टेमच्या बोल्टचा दाब पेलायला कार्बनच्या नळीला आतून त्याचाच आधार असतो.