फ्रेशर नकोत म्हणे, एआय आहे ना!

रानवारा: काल इथे एका टीम लीडने लिहिलं, "कर्सर हे एआयवालं कोड लिहायचं टूल घेतल्यापासून आम्ही फ्रेशर घेणं बंद केलं, दोन सीनियर पुरतात." डोकंच फिरलं. सीनियर काय आभाळातून पडतात? कुणीतरी त्यांचा कच्चा कोड वर्षानुवर्षं तपासला म्हणून ते घडले. आणि वेगाचं कौतुक सांगू नका. 'मेटर' या एआय तपासणाऱ्या संशोधन संस्थेची २०२५ मधली चाचणी बघा. ओपन सोर्समधले १६ मुरलेले डेव्हलपर, एआय घेऊन वेळ १९ टक्के जास्त लागला. त्यांना मात्र वाटत होतं, २० टक्के वाचला!

टर्मिनल: १६ जणांवरून जग ठरवता? ते आपापल्या रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडसाठ्यात, मुरलेले, तिथे एआय त्यांना काय नवीन सांगणार? मी नाशिकला एकटा फ्रीलान्सिंग करतो. टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, लिहायचे पैसे क्लायंट कधीच देत नाही, आता त्या लिहून होतात. फ्रेशर ठेवणं मला आधीही परवडत नव्हतं.

उकार_वेलांटी: टेस्ट वाचतं कोण पण? आमच्याकडे एआयने नावाचा फॉर्म लिहिला. रेजेक्समध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या नियमात, 'कुठल्याही लिपीतलं अक्षर चालेल'. 'कमल' गेलं, 'सुनीता' अडकलं! युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संगणकी यादीत, उकार, वेलांटी, काना 'अक्षर' गटात नाहीत, 'मार्क' गटात आहेत. टेस्टही त्यानेच लिहिलेल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास.

टर्मिनल: माणसं काय वेगळं करत होती? नियमात नुसतं इंग्रजी ए टू झेड लिहून मोकळी व्हायची.

उकार_वेलांटी: म्हणून तेच पुन्हा गिरवायचं? अक्षरमर्यादेचंही तेच. जावास्क्रिप्टची लेंग्थ, म्हणजे लांबी मोजायची सोय, 'क्षि'ला चार मोजते. जोडाक्षरवाल्या आडनावांनी काय करायचं, आडनाव बदलायचं?

पीएचपी_प्रेमी: आधी हे सांगा, एका पानाच्या फॉर्मला वेबसाइटचे पडदे बांधणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी रिअ‍ॅक्ट कशाला? एआयला काहीही मागा, रिअ‍ॅक्टच गळ्यात मारतं. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या भागात) १० पैकी १० गंभीरतेचं सुरक्षेतलं भोक निघालं, तेव्हा रात्रभर पॅचिंग कुणी केलं? आम्हीच.

टर्मिनल: तुमचं रिअ‍ॅक्टपुराण दुसरीकडे लावा. इथे नावाचा फॉर्म चाललाय.

रानवारा: इथे फ्रेशरचा विषय चाललाय! वेलांटी, तो 'सुनीता'चा बग पकडला कुणी?

उकार_वेलांटी: इंटर्नने. आईचं नाव टाकून बघितलं पोरीने. सीनियरने पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड जोडायची विनंती, न वाचताच मंजूर केली होती.

टर्मिनल: बरं, इंटर्नचं मान्य. पण तो सीनियर आळशी, त्याचं खापर टूलवर का?

रानवारा: दिवसभरात पाचपट कोड अंगावर आला तर कोण वाचेल? आणि तुम्हाला त्या पोरीलाच काढायचंय!

टर्मिनल: काढायचं कुठे म्हणालो? परवडत नाही म्हणालो. माझं वाक्य मोडू नका.