निविदेतला 'स्थानिक' कोण?

रानपाखरू: भाच्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. तालुक्यात केंद्राचा मोठा प्रकल्प येतोय. निविदेत 'वर्ग-१ स्थानिक पुरवठादारास प्राधान्य' वाचून घरात पेढे यायचेच बाकी आहेत. हा 'स्थानिक' तालुक्याचा की जिल्ह्याचा?

खडीवाला: दोन्ही नाही, पेढे थांबवा. हा शब्द २०१७च्या 'मेक इन इंडिया' खरेदी आदेशातला. तो पत्त्यावरून ठरत नाही, मालावरून ठरतो. मालात देशातल्या मूल्यवर्धनाचा वाटा ५० टक्के किंवा जास्त असेल तर वर्ग-१, २० ते ५०च्या मधे वर्ग-२. म्हणजे लुधियानाचा कारखानदारही तुमच्या तालुक्यात स्थानिकच! 'देशी' लिहिलं असतं तर गोंधळ टळला असता.

उरणकर: आमच्याकडे भूमिपुत्र म्हणतात. मोर्च्यात चालतो, निविदेत नाही. 'प्रकल्पग्रस्त' दाखल्याचा शब्द खरा, पण शेजारच्या गावातल्या वेल्डरला त्याचा उपयोग शून्य.

खडीवाला: भाच्याने शोधायचा शब्द 'सूक्ष्म व लघु उपक्रम'. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असली की केंद्रीय खाती आणि सरकारी कंपन्यांच्या खरेदीत बयाणा रक्कम माफ. दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर असला, तरी तो कमी दर मान्य करून कामात वाटा मिळू शकतो. मेख अशी की हे वस्तू आणि सेवांना लागू, बांधकामाच्या कंत्राटांना नाही. नुसते गेट पुरवायची निविदा असेल तर सवलत आहे. तेच गेट इमारतीच्या कंत्राटात घातलं की सवलत गेली.

शुद्धलेखनप्रेमी: बयाणा म्हणजे विसारच ना?

उरणकर: उलटा विसार. विसार माल विकत घेणारा देतो, इथे निविदेत दर भरणारा देतो. काम नाही मिळालं तर परत, मधेच माघार घेतली तर जप्त.

रानपाखरू: मग इमारतीच्या कंत्राटात शिरायचं कसं?

खडीवाला: थेट अवघड. 'समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव' ही अट वाचा. नेहमीचं माप असं: गेल्या ७ वर्षांत अंदाजित खर्चाच्या ४० टक्क्यांची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचं एक काम. १०० कोटींचं सगळं काम एकाच निविदेत, म्हणजे एकाच पॅकेजमध्ये काढलं की गावातले सगळे दारातच अडतात. उरतो पोटठेका, म्हणजे मुख्य ठेकेदाराकडून कामाचा तुकडा घेणं. पोटभाडेकरूतलं 'पोट' तेच हे, आणि मुख्य ठेकेदाराचं बिल निघेपर्यंत पोटठेकेदाराचे पैसे बहुधा लटकलेले. मोर्चा काढायचाच तर लहान पॅकेजांसाठी काढा, तोही निविदा निघण्याआधी. आता निघालीच आहे, तर निविदापूर्व बैठकीच्या तारखेआत अनुभवाच्या अटीवर लेखी हरकत द्या.