मदत हवी आहे: मिम्युलसचं बी उगवते पण रोप टिकत नाई

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापूस-तुरीचा शेतकरी, फुलझाडाचं मले काईच समजत नाई म्हणून विचारून रायलो. दोन वर्षं झाले, आमच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबावर वीज पडली, खाली बांधलेला बैल जागीच गेला, आन् माय तिथून पन्नास पावलांवर निंदत होती. तवापासून आभाळ भरून आलं की हातातलं काम टाकून घरात जाते, कानावर हात धरून बसते, पावसाळाभर हेच. एका डॉक्टरनं थेंबाची बाटली देली, वर मिम्युलस लिहून होतं. मी मोबाईलवर ते फूल पाह्यलं, पिवळंजर्द, गळ्यात लाल ठिपके, मायले दाखवलं तर म्हणे हे आपल्या अंगणात लाव. दोन वर्षांत तिनं स्वतःहून एवढंच मांगितलं.

बी ऑनलाईन बोलावलं. पहिलं पाकीट मृगात, काळ्या मातीत, सरकीसारखं बोटभर खोल लावलं, एकही नाई निंघालं. दुसरं दिवाळीनंतर कुंडीत टाकलं, बी इतकं बारीक की झारीचं पाणी देलं तर सगळं एका कोपऱ्यात वाहत गेलं, तरी वीसेक रोपं निंघाली आन् आठ दिवसांत बुडातून बारीक होऊन आडवी पडली. आता शेवटचं पाकीट हाये. कधी लावू, कशात लावू? आन् याचा पाला-फूल मायले खायले देता येते का?

प्रतिसाद:
दादा, मी अमरावतीकडे हिवाळी फुलांची रोपं करते. हे झाड मूळचं अलास्का ते मेक्सिकोपर्यंतच्या ओढ्याकाठचं, ओलावा आणि गारवा दोन्ही लागतात, म्हणजे आपल्याकडे फक्त हिवाळ्याचं. कोजागिरीनंतर रात्री गार पडू लागल्या की लावा, 15 ते 20 अंश त्याला मानवतात. बियाला उजेड लागतो, वर माती अजिबात टाकू नका, तुमचं पहिलं पाकीट तिथंच गेलं. कोकोपीट न् चाळलेलं गांडूळखत ट्रेमधे भरून आधी भिजवा, बी चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरा, आणि पाणी वरून नाही, ट्रे परातीत ठेवून खालून पिऊ द्या. रोपं आडवी पडली ती मर लागून, दाटी आणि साचलेलं पाणी, म्हणून उगवली की विरळ करा, वारं लागू द्या. चार पानांवर कुंडीत, दुपारी सावली. मार्च तापला की ते जाणारच, जिवाला लावून घेऊ नका. पाकिटावर एरिथ्रांथे असं लिहिलं असलं तरी घाबरू नका, 2012 मधे नाव बदललंय.

अमेरिकेतले मूळ रहिवासी कोवळा पाला खायचे, ठेचून जखमेवर बांधायचे, पण पाकिटातलं बी शोभेच्या जातीचं, कधी औषध चोळलेलं, खाऊ नका. थेंबांचं मात्र स्पष्ट सांगते. 1930 च्या दशकात इंग्लंडात डॉ. एडवर्ड बाख यांनी 38 प्रकारचे अर्क काढले त्यातलं हे एक, फुलं पाण्यात टाकून उन्हात ठेवायची आणि त्या पाण्यात ब्रँडी मिसळायची, नंतर ते आणखी पातळ करतात. अभ्यासांत तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या खोट्या थेंबांपेक्षा जास्त गुण दिसलेला नाही. दोन वर्षांची भीती आहे, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि फोनमधे दामिनी ॲप टाका, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलंय, जवळपास वीज पडायची शक्यता असली की आधी कळवतं, काकूंना आभाळाकडे बघत बसावं लागणार नाही.

फूल आलं की आतली दोन पाळ्यांची जीभ काडीनं हलकेच टोचून दाखवा त्यांना, लाजाळूसारखी मिटते.

मूळ धागाकर्ता:
ताई, ब्रँडीचं मले ठाऊकच नव्हतं, माय माळकरी हाये, आज तिले सांगून बाटली बाजूले ठेवली. दामिनी आत्ताच टाकलं. 14416 ले उद्या सकाळी फोन लावतो, ती शेतात जायच्या आधी. परात मायच्या भाकरीचीच घेतो, दुसरी मोठी नाई घरात. आमचं बोअरचं पाणी खारं हाये, ते ट्रेले चालंन का विहिरीचं आणू?