कॉग्नोशेंटी: विद्वान, जाणकार की दर्दी?

खोडरबर: मिलानच्या ला स्काला ऑपेराघरावरचा लेख मराठीत करतेय. डिसेंबर २००६ मध्ये 'आयदा' चालू असताना वरच्या स्वस्त गॅलरीतून हुर्यो झाली, गायक रोबेर्तो अलान्या तडक आत निघून गेला आणि बदली गायक रोजच्या कपड्यांतच उभा राहिला. त्या गॅलरीवाल्यांना लेखात 'कॉग्नोशेंटी' म्हटलंय. मी 'विद्वान' लिहिलं. संपादकांचा शेरा: 'हुर्यो करणारे कसले विद्वान?'

पिंपळपान: जाणकार! लॅटिन 'कोग्नोस्केरे' म्हणजे जाणणे. त्यातला 'ग्नो' आणि आपला 'ज्ञा' एकाच मुळातले. चुलतभाऊच की.

मिरजकर: जाणकार कोरडा वाटतो. लहानपणी उरुसाच्या गाण्याला भिंतीला टेकून बसलेले म्हातारे बघायचो. रागाचं नाव विचारलं तर सांगता यायचं नाही, पण सूर जरा चढला की डोलणारी मान जागच्या जागी थांबायची. त्यांना आम्ही दर्दी म्हणायचो.

शुद्धमती: दर्दी फारसी. मर्मज्ञ, तज्ज्ञ असताना उसनवारी कशाला?

मिरजकर: बाजार, कागद, शाई सोडा मग. लिहा भूर्जपत्रावर.

बोलोन्यारिटर्न: इटलीत दोन वर्षं काढली म्हणून सांगतो. 'कॉग्नोशेंटी' इंग्रजांनी अठराव्या शतकात उचलला आणि जपून ठेवला. खुद्द इटलीत आता 'कोनोशेंते' म्हणजे नुसता ओळखीचा माणूस! घरमालकिणीला कौतुकाने म्हटलं, तुमचे यजमान ऑपेराचे कोनोशेंते. ती म्हणाली, कोणाच्या ओळखीचे? दर्दी माणसाला 'इन्तेंदितोरे' म्हणतात. आणि 'दोत्तोरे' तर कुणीही पदवीधर. बँकेतला कारकून मलाही म्हणायचा, आईला फोन करून सांगितलं होतं.

खोडरबर: म्हणजे कानसेन चालेल का?

पिंपळपान: चालेल, पण संपादक तानसेन कुठाय विचारतील. बाय द वे, तज्ञ की तज्ज्ञ?

शुद्धमती: तज्ज्ञ. तत् अधिक ज्ञ.

मिरजकर: सगळे तज्ञच लिहितात. पाट्या बघा.

शुद्धमती: पाट्यांवर 'आर्शिवाद'पण असतो.

पिंपळपान: मग सर्वज्ञमध्ये जादा ज का नाही?

शुद्धमती: तिथे त् आहे का?

खोडरबर: उद्या अकराला लेख द्यायचाय हो…

पिंपळपान: अच्छा, म्हणजे 'विद्वज्जन'पण तसंच?

शुद्धमती: हो. विद्वत् अधिक जन.