पोरगा रात्री दोनला झोपतो, सकाळी उठतच नाही, काय करावं?

मानेवाड्याची_आई:
मुलगा १५ चा, दहावीत. क्लास साडेआठला सुटतो, जेवण मोबाईल समोर ठेवून, मग दोन वाजेपर्यंत "अभ्यास करून राहिलो" अन् पुस्तकाखाली रील्स चालू. सकाळी सातला उठवायचं म्हणजे रोजची महाभारतं. डबा तसाच परत, कारण क्लासबाहेर समोसा अन् ते एनर्जी ड्रिंक. क्रिकेट बंद, पोट सुटून राहिलं. समजावून थकली, रागावून थकली. काही उपाय असेल तर सांगा, फक्त मोबाईल फोडा म्हणू नका, ते सासूबाई रोज सांगतात 😅

बायोवाली_मॅडम:
ताई, सगळाच आळस नाही हो. या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, उशिरा सुटतं, त्यामुळे झोपच उशिरा येते. पण १३ ते १८ च्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते अन् तुमच्याकडे होते पाच. मी आधी तो कॅन बंद केला असता. २५० मिलीत साधारण ७५ मिग्रॅ कॅफीन असतं, संध्याकाळी सहाला प्यायला तर अकरापर्यंत त्यातलं जवळपास अर्धं अंगातच असतं. मुलांसाठी नाही असं कॅनवरच बारीक अक्षरात लिहिलेलं असते, त्यालाच वाचायला लावा, तुम्ही वाचून दाखवू नका.

खामल्याचा_बाप:
आमच्या पोरीचं सेम होतं. मी आधी शहाणपणा केला, पहाटे साडेपाचला तिला अंबाझरीला फिरायला नेलं, चार दिवस आली, पाचव्या दिवशी दारच उघडलं नाही. झोप पुरी नसताना पहाटे उठवणं म्हणजे आपलाच मूर्खपणा. मग चार्जर हॉलमध्ये आणला, साडेदहाला सगळ्यांचे फोन तिथेच, माझा पण, अन् खरं सांगू तर पहिला आठवडा माझाच हात शिवशिवायचा. "अलार्म कसा लावू" म्हणाली तर सीताबर्डीवरून साधं घड्याळ आणून दिलं. महिनाभरात साडेअकरापर्यंत झोपायला लागली, त्याच्या आधी अजूनही नाही.

तर्रीवाला:
रविवारच्या तर्री पोह्याले हात लावू नका बाप्पा, नाहीतर पोट्टं घरातूनच पळून जाईन 😂

बायोवाली_मॅडम:
@तर्रीवाला पोहे राहू द्या, रोजचा समोसा पाहा. अन् ताई, व्यायामासाठी वेगळा वेळ शोधू नका. डब्ल्यूएचओ रोज ६० मिनिटं म्हणते पण ती एकदमच पाहिजे असं नाही. क्लासला गाडीवर सोडता का? सायकल द्या. मे महिन्यात दुपारी मात्र नको, ४५ डिग्रीत पोराला ऊन लागेल.

मानेवाड्याची_आई:
हाव, गाडीवरच सोडते 🙈 कॅन दिला त्याच्या हातात, वाचला, काही बोलला नाही, पण आज ताक मागितलं. सायकलची हवा भरून आणली. आता एकच सांगा, याच्या बाबांचा फोन साडेदहाला हॉलमध्ये ठेवायचा कसा?